म्हाताऱ्याच्या पोटातलं दप्तर

२ डिसेंबर

ही वही वकीलबाईनं दिली. म्हणाली, "दोन्या उदोसिया, नगरपालिकेत कोण काय बोललं ते रोज तारीख घालून लिहा. तोंडी बोललेलं ही माणसं दुसऱ्या दिवशी विसरतात." मी म्हटलं, बाई, माझी शाळा तिसरीत सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तर म्हणाली, "बोलता तसं लिहा." तशी लिहितेय. वाचणाऱ्यानं सोसावं.

तर झालंय असं. नदीकाठी दिवे लावून फिरायचा रस्ता करायचाय, म्हणून आमची ला बाल्साची वस्ती उठवायची. नोटीस आलीय. दहा जानेवारीपर्यंत जमिनीचा कागद दाखवा, नाहीतर घरं पाडायचं यंत्र येईल. कागद कुणाकडेच नाही. मोठ्या पावसाच्या वर्षी आमची जुनी वस्ती नदीनं नेली, तेव्हा नगरपालिकेनं सभा भरवून ही पट्टी आम्हाला दिली. माझा नवरा रोसेन्दो, आता वारला, त्या सभेला गेला होता. घरी येऊन टोपी खिळ्याला अडकवत म्हणाला, "ठराव झाला. सगळ्यांची नावं वहीत चढली. वेगळा कागद कशाला? नगरपालिकेत आहे की." आम्ही सगळे त्याच्यावर निवांत झोपलो.

आज त्या ठरावाची प्रत मागायला खिडकीवर गेले. आत वेलिंग्टन. केसांना चिकट काहीतरी लावून बसतो, माशी बसली तर घसरेल. आईबिई करत लाडात म्हणतो, "मामिता, अर्ज करा. दहा दिवसांत उत्तर."

"मी तुझी मामिता नाही. तुझी आई माझ्याकडून खेकडे नेते आणि तीसुद्धा मला मानानं दोन्या म्हणते."

"बरं, दोन्या मामिता."

अर्ज दिला. वकीलबाईनं पढवलं होतं म्हणून पोच मागितली. त्यानं शिक्का असा मारला की टेबल हललं.

४ डिसेंबर

घराचं होईल ते होईल, डिसेंबरात पुतळे केले नाहीत तर वर्षभर खायचं काय? एकतीसला अख्खा गाव सरत्या वर्षाचा म्हातारा जाळतो आणि गावातले निम्मे म्हातारे माझ्या अंगणातून जातात.

नगरपालिकेचा कोठीवाला होल्गर नेहमीसारखा तीनचाकीवर रद्दीची पोती घेऊन आला. मी त्याला खेकड्यांची जुडी देते. गेली काही वर्षं त्याच्याकडचीच रद्दी घेतेय. वर्तमानपत्रापेक्षा झकास. पातळ कागद चुरगाळून पोटात भरायचा. जाड शिक्केवाला असतो तो तोंडासाठी ठेवायचा, कारण वर्तमानपत्राचं नाक खळ लावली की लोंबतं. जाडाच्या पट्ट्या फाडायच्या आणि शिक्क्याची बाजू आत घालायची, नाहीतर शाई रंगातून वर येते.

यंदा चौकातला मोठा म्हातारा नगरपालिकेनं मलाच सांगितलाय. होल्गर म्हणाला, "नगरपालिकेच्या म्हाताऱ्याला नगरपालिकेचीच रद्दी. ही पोती फुकट, खेकडेही नकोत." खेकडे घेतलेच मेल्यानं.

मी म्हटलं, "होल्गर, तुझ्या कोठीत आमचा ठराव बघ ना जरा."

"कुठल्या सालचा?"

"मोठ्या पावसाच्या."

त्यानं कान खाजवला. "ते कपाट रिकामं झालं, दोन्या. वरून हुकूम आहे. तिथे संगणकाचं सामान ठेवायचंय."

"म्हणजे वर नेलं असेल संगणकात घालायला."

"असेल," म्हणाला आणि पायडल मारत निघूनच गेला. खेकडे मरायच्या आत घरी पोचायचं असेल.

वकीलबाईला सांगायला हवं, कागद वर आहेत म्हणून. जरा जीव भांड्यात पडला.

७ डिसेंबर

मोठ्या म्हाताऱ्याचं तोंड केलं. पोत्यात एक फारच उत्तम कागद निघाला, पुठ्ठ्यासारखा. सगळा तोंडातच घातला. सून मारियुक्सी म्हणाली, "जाळायच्या तोंडाला एवढं कशाला नटवायचं?" मी म्हटलं, काम ते काम. सुकल्यावर डोळे रंगवले, कात्रीनं तोंड मोठं कापलं, सिगारेट अडकवता यावी असं. निघालेला तुकडा चुलीला लावला. पटकन पेटला. हिरवी केळी छान भाजली गेली.

९ डिसेंबर

नगरपालिकेचा माणूस तोंड बघायला आला आणि पांढराफटक पडला. "हे तर नगराध्यक्ष दिसतात!"

"म्हाताऱ्यासारखं केलंय. आता ते म्हाताऱ्यासारखे दिसतात त्याला मी काय करू?"

"दुसरं करा."

दुसरं केलं. आधीपेक्षा मठ्ठ. पहिलं तोंड खुराड्याच्या दारावर टांगलं. रात्री कोंबड्या चोरायला येतो तो जनावराचा बच्चा नगराध्यक्षाला तरी घाबरेल.

१६ डिसेंबर

उत्तर आलं. वेलिंग्टननं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "बघा, दोन्या. सगळं दप्तर संगणकात आहे."

पडद्यावर वहीचं कव्हर. मोठ्या पावसाचं साल, गावाचं नाव, शिक्का, कोपऱ्याला वाळवीनं खाल्लेलं. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. म्हटलं, "पान उलट."

"पानं नाहीत."

"म्हणजे?"

"कंत्राट कव्हरांचं होतं. आतलं कंत्राटात नव्हतं."

"मग आतलं गेलं कुठे?"

"ते संस्थेत आढळून येत नाही." तसंच लिहून दिलं, सही करून.

"उद्या मी तुला नुसती नारळाची करवंटी देईन," मी म्हटलं. "म्हणेन, पाणी कंत्राटात नव्हतं."

मागे रांगेतले हसले. वेलिंग्टन पण हसला. मी हसले नाही. परत येताना वस्तीच्या तोंडाशी उभी राहिले. प्रत्येक दारातून कुणीतरी विचारणार होतं, मिळाला का कागद.

१९ डिसेंबर

वकीलबाई म्हणते, ठरावाशिवाय न्यायाधीश ऐकून घेणार नाही. कव्हर पुरावा होत नाही.

शेजारची फिदेलिना भांडी पोत्यात भरतेय. तिच्या पोराची मी धर्ममाता, म्हणून एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, एरवी आमचं रोज वाजतं. म्हटलं, "कोमाद्रे, अजून तीन आठवडे आहेत, भात कशात शिजवणार आहेस?" म्हणाली, "डोक्यात." मग भरलेलं पोतं उपसलं, टोप काढला, परत भरलं.

मारियुक्सी तिच्या बहिणीकडे ग्वायाकिल शहरात जाऊया म्हणते. एका खोलीत सात माणसं. मी म्हटलं, तू जा, नातवंडं ने, मी या दारात बसते, यंत्रवाल्याला बघू दे माझं तोंड. ती म्हणाली, "यंत्राला डोळे नसतात, सासूबाई." खरंच आहे. झोप येत नाही. मग पुतळे करते.

२२ डिसेंबर

शहराचा ट्रक आला, पुतळे गेले. मोठा म्हातारा चौकात नगरपालिकेसमोर खुर्चीत बसवला. पोट काय छान भरलंय. यंदा पुतळ्यांच्या स्पर्धेत बक्षीस त्यालाच.

२४ डिसेंबर

बेकरीवाला आपला पुतळा घेऊन आला, हात खांद्यातून निखळला होता. शिवण उसवली, आतले कागदाचे बोळे काढले. चष्मा डोळ्यांवर होता म्हणून, नाहीतर मी कधी बघते? एका बोळ्यावर नाव दिसलं. अक्षर लावत लावत वाचलं. अम्ब्रोसिओ तुम्बाको. आमच्या पलीकडच्या घरातला अम्ब्रोसिओ. त्याच्या बैलगाडीचा कर. वर नगरपालिकेचं नाव.

दुसरा बोळा उघडला. बाजाराच्या गाळ्यांच्या सभेचं काहीतरी. तिसरा. कुणाचं तरी लग्न.

आतलं कुठे गेलं ते कळलं.

बेकरीवाला दारात उभा होता. "होतंय ना, दोन्या? पोरं वाट बघतायत." हात शिवून दिला. तो गेल्यावर उरलेले बोळे एकेक करून उघडत बसले. मारियुक्सीनं विचारलं, काय शोधताय? तिला काय सांगू? ज्या कागदासाठी मी खिडकीवर डोकं आपटत होते तो माझ्याच अंगणात पोत्यानं येत होता आणि मी त्याच्या बदल्यात खेकडे देत होते.

२५ डिसेंबर

चर्चला गेले नाही. फिदेलिनाला सांगितलं. तिनं हातातला टोप खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे यंत्र येईपर्यंत थांबायची गरजच नव्हती. आमची घरं तू आधीच फाडून ठेवलीस."

"हो."

"नुसतं हो?"

"मग काय म्हणू? रडून दाखवू?"

"नको. तू रडलीस तर मला जास्त भीती वाटेल." उठली, मासे कापायचा सुरा घेऊन आली. "चल. कुणाकुणाला विकलेत?"

२७ डिसेंबर

वस्तीतल्या नि गावातल्या, मी विकलेल्या सगळ्या पुतळ्यांची पोटं फाडून झाली. पोरं किंचाळत होती. त्यांना वाटलं म्हाताऱ्याचा खून पडतोय. एका बाईनं पुतळा द्यायला नकार दिला, म्हणे जुनं वर्ष जाळलं नाही तर ते घरातच राहतं. मी म्हटलं, बाई, घर राहिलं तर वर्ष राहील ना. दिला मग, पण शिव्या देत.

गाळे, गटारं, कुत्र्यांचे परवाने, मेलेल्यांची नावं, सगळं निघालं. ठराव नाही. शहरात गेलेले पुतळे तर गेलेच. आता राहिला एकच, चौकातला. त्याच्या पोटात सगळ्यात जास्त कागद आहे, मीच कोंबलाय.

२९ डिसेंबर

खिडकीवर गेले. म्हटलं, तुमच्या म्हाताऱ्याचं पोट उघडायचंय.

वेलिंग्टन म्हणाला, "तो नगरपालिकेची मालमत्ता आहे. स्पर्धेत नोंदलाय. अर्ज करा. दहा दिवस."

"परवा तुम्ही त्याला जाळणार."

"मग लवकर यायला हवं होतं, मामिता."

मागे होल्गर दिसला. हाक मारली. "होल्गर, सांग याला, ती रद्दी कुठली होती ते." तो भिंतीकडे बघत म्हणाला, "कसली रद्दी? मी तुम्हाला कधी रद्दी दिली?" चार तारखेचं पान उघडून दाखवावं असं वाटलं. काय उपयोग? वकीलबाईनं सांगितलं होतं ना, विसरतात म्हणून.

अर्ज दिला तरी. पोच घेतली. आता माझ्याकडे दोन पोच आहेत आणि घर एकही नाही.

३१ डिसेंबर

आज दुपारचं लिहिते. बोटं दुखतायत, कागद ओढून ओढून.

सरत्या वर्षाच्या विधवा आज रस्त्यावर असतात. म्हणजे आमचे पुरुष. काळे झगे घालायचे, छातीत मोसंबी कोंबायची, ओठ रंगवायचे आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात पडून रडायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून नाणी उकळायची. पाच-सहा जण चौकात होतेच. फिदेलिना म्हणाली, "कोमाद्रे, तू तर खरीखुरी विधवा आहेस. तुला कोण अडवणार?"

रोसेन्दोच्या मातीला घातलेला काळा झगा काढला. खाली सुरा बांधला. चौकात गेले आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर पडून गळा काढला. "अरे माझ्या राजा! मला उघड्यावर टाकून चाललास! माझं घर कुठे ठेवलंस रे!"

विधवांनी जागा करून दिली. एक म्हणाला, "आजी, तुम्ही तर आमच्या पोटावर पाय देताय!" पहारेकरी हसून हसून भिंतीला टेकला. मी रडता रडता शिवण फाडत होते. बोळे काढून झग्याच्या घोळात भरत होते आणि फिदेलिना पाठीशी उभी राहून मोठमोठ्यानं सांत्वन करत तिच्या पोत्यात रिकामे करत होती. "उगी, बाई, उगी, तो होताच तसा हलकट!" लोकांनी नाणी टाकली.

रोसेन्दोला पुरताना माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. आज कुठून आलं कोण जाणे. थांबतच नव्हतं. बरं झालं, कुणाला संशय आला नाही.

पोट रिकामं झालं तसा म्हातारा पुढे झुकला. पहारेकरी म्हणाला, "आजी, बास, मोडाल त्याला!" तेव्हा उठले.

१ जानेवारी

सगळ्या वस्तीनं आपापल्या इस्त्र्या आणल्या. बोळे उघडून, दाबून, ओट्यावर पसरले. मारियुक्सी वाचते, मी उलटते. मोठ्या पावसाच्या सालची पानं निघाली! सभेची तारीखही निघाली! ठराव सुरू होतो ते पान निघालं. "ला बाल्साची पट्टी पुढील कुटुंबांना" असं लिहिलंय, आणि पान संपतं.

पुढचं पान नाही. सही नाही. शिक्का नाही. एवढ्या ढिगात एकाही पानावर शिक्का नाही.

मारियुक्सी म्हणाली, "असं कसं, सासूबाई? शिक्केवाले कुठे गेले?"

मला माहीत होतं कुठे गेले. तोंडात गेले. पोटं फाडली तरी तोंडं आम्ही तशीच सोडली होती, ती काल गावभर जळली, फटाक्यांसकट. चौकातलं मठ्ठ तोंडसुद्धा. फिदेलिना परत भांडी भरायला गेली. मी ओसरीवर बसले. कोंबड्या ओरडत होत्या, त्यांना दाणे टाकायचे राहिले होते, म्हणून उठले.

खुराड्याच्या दारावर नगराध्यक्ष हसत होता.

२ जानेवारी

तोंड घमेल्यात कोमट पाण्यात घातलं. खळ सुटायला वेळ लागतो. घाई केली तर लगदा होतो. कुणाला हात लावू दिला नाही. आधी रंग गेला, मग वर्तमानपत्र, मग जाड पट्ट्या एकेक सुटत आल्या. नाक सगळ्यात शेवटी. नाकाच्या आत निळा शिक्का, अख्खा.

पट्ट्या ओट्यावर जुळवल्या, माशाचे काटे मांडावेत तशा. मारियुक्सी वाचत गेली. वस्तीचं नाव, साल, सही, आणि नावांची यादी, घरं आहेत त्याच रांगेनं. एकेकाचं नाव वाचलं की दारात उभं असलेलं माणूस कुठल्यातरी संताचं नाव घेत खाली बसायचं. "अम्ब्रोसिओ तुम्बाको." त्याची मुलगी बसली. मग मारियुक्सी थांबली.

"वाच ना."

"भोक आहे, सासूबाई."

भोकाच्या खाली फिदेलिनाच्या नवऱ्याचं नाव. वर अम्ब्रोसिओ. मधलं घर आमचं. मध्ये तोंड. सिगारेट अडकवता यावी म्हणून मोठं कापलेलं.

मग फिदेलिना म्हणाली, "कोमाद्रे, न्यायाधीशाला डोळे असतील तर दिसेल, भोकात कोण आहे ते."

३ जानेवारी

पट्ट्या काचेखाली दाबून वकीलबाईकडे नेल्या. ती उभीच राहिली. म्हणाली, वस्ती वाचेल. मग म्हणाली, "तुमच्या नावाचं मात्र सांगता येत नाही. भोक म्हणजे नाव नव्हे. तुमच्याकडे दुसरं काही आहे का?"

तिथून नगरपालिकेत गेले. वेलिंग्टन काचेकडे बघून म्हणाला, "हे काय आहे?"

"तुमचं दप्तर. पोच दे."

त्यानं नाकाचा शिक्का बघितला, सही बघितली, घाम पुसला. पोच दिली. शेऱ्यात लिहिलं, "एक भोक असलेलं." यावेळी मामिता म्हणाला नाही.

संध्याकाळी वकीलबाई स्वतः घरी आली. म्हणते, "ती वही द्या. होल्गरनं दप्तर विकलं, कधी, कसं, सगळं त्यात तारखेनं आहे. न्यायाधीशापुढे ठेवते. त्याशिवाय हे तोंड खरं की खोटं हेही सिद्ध होणार नाही." मी म्हटलं, उद्या देते, एकदा नजर फिरवते.

फिरवली. सात डिसेंबरला मीच लिहून ठेवलंय. तुकडा चुलीला लावला. पटकन पेटला. केळी छान भाजली गेली.

न्यायाधीश हे मोठ्यानं वाचणार. सगळी वस्ती ऐकणार, वेलिंग्टन ऐकणार. पान फाडावं असं वाटलं. कोपरा धरलासुद्धा.

पण कागद फाडायचं काम माझ्या हातून आता पुष्कळ झालं. वही उद्या आहे तशी देतेय.